ब्लांटायरहून मुलांजे: सुट्टी दोन दिवसांची असेल तर

सुट्टी दोनच दिवसांची असेल तर मुलांजे डोंगरावरच्या सापित्वा शिखराचं नाव काढू नका. त्याच डोंगरावर चांबेच्या पठारावर मुक्कामासाठी हट, म्हणजे लाकडी घर आहे, तिथपर्यंत जा, एक रात्र वर राहा आणि रविवारी ऊन डोक्यावर आहे तोवर पायथ्याला या. मलावीतल्या ब्लांटायर शहरात नवीन येणाऱ्या प्रत्येक स्वयंसेवकाला मी हे सांगते. बहुतेकांना पहिल्या क्षणी ते पटत नाही, कारण मलावीत आलं की कानावर पहिलं नाव पडतं ते सापित्वाचंच. ३००२ मीटर, दक्षिण-मध्य आफ्रिकेतलं सर्वांत उंच शिखर. पण शुक्रवारी काम आटोपून निघालेल्या आणि सोमवारी सकाळी आठला पुन्हा कामावर उभं राहायचं असलेल्या माणसाचा तो डोंगर नाही. चांबे आहे.

मी साताऱ्याची. सरकारी रुग्णालयात प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून नोकरी केली आणि मुलं मार्गी लागल्यावर एका स्वयंसेवी संस्थेतर्फे इथं आले. नव्या तंत्रज्ञांना सूक्ष्मदर्शकाखाली मलेरियाच्या आणि थुंकीच्या काचा वाचायला शिकवणं हे माझं काम. अजिंक्यताऱ्यावर चालायला जायची सवय जुनी, त्यामुळे मुलांजेला जायला लागले आणि मग इतरांनाही नेऊ लागले. पुढचं सगळं सार्वजनिक वाहनानं जाणाऱ्या, महिन्याच्या भत्त्यात भागवणाऱ्या आणि सह्याद्रीत थोडंफार चाललेल्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय.

डोंगर कसा आहे

ब्लांटायरपासून पूर्वेला साधारण पासष्ट किलोमीटरवर, चहाच्या मळ्यांमधून मुलांजे एकदम उभा राहतो. पायथा सहाशे-सातशे मीटरवर, वरचं पठार अठराशे ते बावीसशे मीटरवर आणि त्या पठारावर आणखी शिखरं. आपला सह्याद्री बेसाल्टचा, थराथराचा. त्यात पाय ठेवायला टप्पे सापडतात, खोबणी सापडतात. मुलांजे सायनाइट आणि ग्रॅनाइटचा, जमिनीखाली थिजलेल्या शिलारसाचा, त्यामुळे कातळ गुळगुळीत आणि उतरते. कोरड्या कातळावर बूट छान चिकटतो. त्याच कातळावर पाण्याचा पातळ ओघळ आला आणि वर शेवाळ असलं की तिथं उभं राहता येत नाही. सह्याद्रीत पावसाळ्यात फिरणाऱ्या लोकांना 'ओलं असलं तरी चालतं' हा जो विश्वास असतो, तो इथं आणू नका. ओला कातळ दिसला की बाजूच्या गवतातून जायचं, आणि गाईड बसून उतरला तर आपणही बसूनच उतरायचं.

उंचीचा त्रास होत नाही. चांबेचं पठार कळसूबाईपेक्षा थोडंच उंच आहे. थंडी मात्र आपल्या हिशेबाबाहेरची असते. जून-जुलैत रात्री पारा शून्याच्या आसपास येऊ शकतो.

२०२५ च्या जुलैत युनेस्कोनं मुलांजेचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला, तो केवळ निसर्गासाठी नव्हे, तर सांस्कृतिक भूप्रदेश म्हणून. पायथ्याच्या मांगांजा, याओ आणि ल्होम्वे लोकांसाठी या डोंगरावर पूर्वजांचा आणि देवतांचा वास आहे. वर आरडाओरडा करू नका, एखाद्या डोहाजवळ गाईडनं गप्प राहायला सांगितलं तर गप्प राहा. आपण जेजुरीला किंवा सप्तशृंगीला जाताना कुणी आपल्याला कारण विचारत बसत नाही, तसं आपणही त्याला विचारत बसू नये.

कधी जायचं

मे ते ऑक्टोबर. नोव्हेंबर ते एप्रिल पावसाचे महिने, तेव्हा नका जाऊ. या डोंगराचं पाणी किती झपाट्यानं खाली येतं ते पायथ्याच्या गावांना ठाऊक आहे. १९९१ च्या मार्चमध्ये फालोंबेच्या बाजूला दरडी आणि पूर येऊन गावंच्या गावं गेली, आणि २०२३ च्या मार्चमध्ये फ्रेडी चक्रीवादळानं ब्लांटायर, मुलांजे, फालोंबे या सगळ्या पट्ट्याची दैना केली. वाटेतल्या ज्या ओढ्यात मेमध्ये घोटाभर पाणी असतं, तोच ओढा पावसात अर्ध्या तासात ओलांडता येईनासा होतो.

कोरड्या महिन्यांतही एक गोष्ट सांभाळायची: चिपेरोनी. मोझांबिकच्या बाजूनं, आग्नेयेकडून गार दमट वारा येतो, डोंगराला धडकतो आणि धुकं व झिमझिम पाऊस घेऊन बसतो. मे ते ऑगस्टमध्ये हे केव्हाही होतं आणि एकदा बसलं की दोन-दोन, चार-चार दिवस उठत नाही. ब्लांटायरमध्येही त्या दिवसांत स्वेटर निघतात, म्हणजे घरबसल्या अंदाज येतो. गुरुवारी-शुक्रवारी शहरात आभाळ दाटलेलं आणि बारीक पाऊस असेल तर पायथ्याच्या लिखुबुलाच्या वन कार्यालयात किंवा ओळखीच्या गाईडला फोन करा. त्यानं 'चिपेरोनी' म्हटलं की बेत पुढच्या आठवड्यावर टाका. पठारावर धुक्यात वाटा कळत नाहीत, दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. तुम्ही पायथ्यापर्यंत येऊन पोहोचला असाल आणि मग धुकं उतरलं, तर वर जायचा हट्ट न करता लिखुबुलाहून तासाभराच्या आत असलेला द्झिवे ला न्खालांबाचा डोह बघा आणि चहाचे मळे फिरा. मलावीत १८९० च्या दशकापासून चहाची लागवड आहे, आफ्रिकेतल्या सर्वांत जुन्या मळ्यांपैकी हे मळे. तो दिवस वाया जात नाही.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हवा धुरकट होते आणि वणवे लागतात. म्हणून मला विचाराल तर मेअखेर आणि ऑगस्टअखेर हे दोन काळ सर्वांत चांगले.

शुक्रवार

ज्यांना शुक्रवारी दुपारी सुटता येतं त्यांनी शुक्रवारीच निघावं आणि रात्री लिखुबुलाला राहावं. शनिवारी पहाटे ब्लांटायरहून निघून त्याच दिवशी चढाई करता येते, पण मग दहा-साडेदहाच्या उन्हात चढायला लागावं लागतं आणि मिनीबस उशिरा सुटली की सगळाच दिवस आखडतो. जूनमध्ये इथं सूर्य साडेपाचच्या आत मावळतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यातल्या लांब संध्याकाळींची सवय असते, ती इथं घात करते.

मुलांजेकडे जाणाऱ्या मिनीबस ब्लांटायरला लागून असलेल्या लिंबेहून सुटतात. वेळापत्रक नाही, भरली की सुटते. अर्धी रिकामी बस पाहून बसू नका, आधीच भरत आलेली शोधा. चोलोच्या मळ्यांमधून जाणारा रस्ता सुंदर आहे. डावीकडची खिडकी मिळाली तर घ्या. बसमध्ये सॅक मांडीवर ठेवावी लागते, म्हणून ती लहान असलेली बरी. पोलिसांच्या चौक्या असतात, तेव्हा पासपोर्टची आणि परवान्याची प्रत जवळ ठेवा. इंधनाची टंचाई असेल त्या आठवड्यात भाडी वाढतात, बसही कमी असतात. अशा वेळी परतीचं नक्की झाल्याशिवाय निघू नका.

मुलांजे गावापर्यंत जायचं नाही. त्याआधी चिताकालेच्या नाक्यावर उतरायचं. तिथून लिखुबुला नऊ-दहा किलोमीटर. मोटारसायकलवाले असतात, सायकलच्या मागे बसवून नेणारे असतात, कधी मातोला मिळते, म्हणजे मालाबरोबर माणसंही घेणारी पिकअप. मी मोटारसायकल घेते, पण हेल्मेट नसेल आणि अंधार पडला असेल तर नाही. चिताकालेत केळी, टोमॅटो आणि अननस भरपूर आणि ताजे मिळतात. अननस आत्ता घेऊ नका, रविवारी परतताना घ्या.

पैसे ब्लांटायरमधूनच रोख काढून आणा आणि त्यात लहान नोटा जास्त ठेवा. कुणी जुन्या माहितीवरून सांगितलेल्या दरांवर विसंबू नका. २०२३ च्या नोव्हेंबरात क्वाचाचं, म्हणजे इथल्या चलनाचं, ४४ टक्के अवमूल्यन झालं आणि त्यानंतर भाव सतत चढत राहिले. पोर्टरची रोजची मजुरी, प्रवेश शुल्क, हटचं भाडं हे सगळं त्या आठवड्यात फोनवर विचारायचं, आणि वर थोडे जादा पैसे ठेवायचे.

लिखुबुलाला वन खात्याचं विश्रामगृह आणि चर्चचं अतिथीगृह आहे. दोन्ही साधी. मच्छरदाणी तपासून झोपा. वर पठारावरच्या थंडीत डासांचा त्रास जवळजवळ नसतो, म्हणून पुष्कळ जण 'दोनच दिवस' म्हणून मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्या चुकवतात. पायथ्याला मलेरिया भरपूर आहे आणि एक रात्र पुरते. गोळी चुकवू नका, आणि परतल्यावर पुढच्या काही आठवड्यांत ताप आला तर थकव्याचा असेल असं न म्हणता त्याच दिवशी रक्त तपासा. हे मी काचा बघणाऱ्या माणसाच्या अधिकारानं सांगते.

निघण्याआधी संस्थेच्या समन्वयकाला लेखी कळवा: कुठल्या वाटेनं वर, कुठल्या हटवर मुक्काम, कुठल्या वाटेनं खाली, आणि रविवारी किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काळजी करायची. विम्यात डोंगरावरून खाली आणण्याचा खर्च धरलेला आहे का तेही आधी वाचा. हेलिकॉप्टर येणार नाही असं धरून चाला. पाय मोडला तर पोर्टरच स्ट्रेचरवर घालून खाली आणतात, आणि त्याला अख्खा दिवस लागतो.

गाईड आणि पोर्टर

यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण बहुतेक चांगल्या-वाईट सहली इथंच ठरतात.

लिखुबुलाच्या वन कार्यालयात वहीत नाव लिहावं लागतं. गाईड-पोर्टर तिथं पाळीनं मिळतात. आज ज्याची पाळी त्याला काम. मोटारसायकलवरून उतरताच पाच-सहा जण भोवती येतील, प्रत्येक जण स्वतःलाच गाईड म्हणेल. नम्रपणे नमस्कार करून कार्यालयातच जा. पाळी मोडून तुम्ही एखाद्याला बाहेरच्या बाहेर ठरवलंत तर ज्याची पाळी होती त्याचा महिन्यातला एखादाच रोजगार जातो. एक गाईड आणि दोघांत एक पोर्टर, एवढं चांबेसाठी पुरतं.

दर कार्यालयातच, तिघांसमोर ठरवा आणि कागदावर लिहा: दिवस किती, रोजची मजुरी किती, जेवण कुणाचं, ओझं किती. पोर्टर सहसा आपलं जेवण आपण आणतो, पण पीठ विकत घ्यायला त्याच्या हातात पैसे असतीलच असं नाही. म्हणून थोडी उचल सकाळीच द्या, बाकीचे पायथ्याला आल्यावर सगळे एकदम. हिशेबाचा घोळ वर हटवर घालू नका, थकलेल्या माणसांत वाद वाढतो.

त्याच्या पायांत काय आहे ते बघा. पुष्कळ पोर्टर चपलांवर चढतात आणि आपल्यापेक्षा चांगले चढतात, पण रात्रीची थंडी सगळ्यांना सारखीच. मी ब्लांटायरच्या जुन्या कपड्यांच्या बाजारातून दोन स्वेटर घेऊन ठेवलेत, ते सॅकमध्ये असतात. ज्याच्याकडे नसेल त्याला रात्री देते.

भारतीय म्हणून एक वेगळी गोष्ट लक्षात घ्यायला हवी. इथं आपल्याला 'अम्वेन्ये', म्हणजे भारतीय, अशी हाक येईल. ब्लांटायर आणि लिंबेमध्ये गुजराती व्यापारी कुटुंबं कित्येक पिढ्या आहेत. साध्या मलावी माणसाला भारतीय भेटतो तो बहुधा दुकानाचा मालक म्हणून. त्यामुळे पोर्टर आपल्याशी बोलताना मालकाशी बोलतो तसा बोलतो, आणि आपण घासाघीस करणार हे गृहीत धरून दर वाढवून सांगतो. माझा उपाय सोपा आहे. दर कार्यालयाचा, त्यात घासाघीस नाही. चालताना त्याच्या पुढे नाही, बरोबर. त्याचं नाव पहिल्या पाच मिनिटांत शिकायचं. आणि पहिला शब्द कामाचा नाही, विचारपुशीचा: 'मुली ब्वांजी?' त्यावर तो 'न्दिली ब्विनो, काया इनू?' म्हणेल, मग आपण 'न्दिली ब्विनो, झिकोमो'. एवढं झाल्याशिवाय इथं कुठलंच बोलणं नीट सुरू होत नाही, दुकानात नाही, रुग्णालयात नाही, डोंगरावरही नाही. 'मादझी' म्हणजे पाणी, 'पांगोनो पांगोनो' म्हणजे हळूहळू, आणि कुणी ठेचकाळला की 'पेपानी'.

तरुण गाईड फार वेगानं चालतात. यांच्यातलेच लोक दरवर्षी मुलांजेच्या पोर्टर शर्यतीत धावतात, साधारण पंचवीस किलोमीटर, पठारावर चढून पुन्हा खाली. त्यांना हळू चालायला सांगण्यात संकोच नको. गटात जो सर्वांत हळू चालतो तो गाईडच्या लगेच मागे, हा माझा नियम.

शनिवार: चढण

चांबेला दोन वाटा जातात. स्कायलाइन जवळची आणि उभी, पूर्वी वरून लाकूड खाली सोडणारा तारमार्ग होता त्या रेषेनं चढणारी. तीन-चार तास लागतात. चापालुका नदीच्या कडेनं जाते, जास्त लांब, पण बेताच्या चढाची. तिला चार-पाच तास. कार्यालयानं दोन्ही वाटा चांगल्या आहेत असं सांगितलं तर स्कायलाइननं चढा आणि चापालुकानं उतरा. उभ्या वाटेनं उतरताना गुडघे जातात, आणि माझ्या वयाच्या माणसांनी ते फार जपावेत. आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर चापालुकावरच्या ओढ्यांची चौकशी करा, आणि गाईड म्हणेल ती वाट घ्या.

सात वाजता निघालात तर उन्हाचा ताप लागण्याआधी अर्धी चढण संपते. साधारण हजार मीटर चढायचं असतं. प्रत्येकी तीन लिटर पाणी घ्या. वाटेत ओढे आहेत, पण मी गोळी टाकल्याशिवाय त्यातलं पीत नाही. खालची शेतं संपली की मियोंबोचं, म्हणजे पानगळीच्या झाडांचं विरळ रान लागतं, मग दरीतली दाट झाडी, मग एकदम उघडं गवत आणि कातळ. वाटेत डोक्यावर लाकडं घेऊन अनवाणी उतरणाऱ्या बायका भेटतील. त्यांच्यासाठी कडेला थांबायचं, डोंगराच्या बाजूला, दरीच्या नव्हे. फोटो विचारल्याशिवाय काढू नका.

दिशेबद्दल एक सांगते, कारण आपल्या अंगवळणी पडलेला अंदाज इथं चुकतो. मुलांजे विषुववृत्ताच्या दक्षिणेला साधारण सोळा अंशांवर आहे. मे ते ऑगस्टमध्ये दुपारचा सूर्य उत्तरेला असतो. सावली दक्षिणेला पडते. सह्याद्रीत हिवाळी दुपारी सूर्य पाहून आपण दक्षिण ठरवतो, ती इथं नेमकी उलटी होते. कंपास घ्या.

वर आल्यावर पूर्वी पाइनची लागवड होती तो खोलगट भाग लागतो. मुलांजेचा खरा वृक्ष पाइन नव्हे, मुलांजे सीडर. तो मलावीचा राष्ट्रीय वृक्ष आहे आणि निसर्गतः फक्त याच डोंगरावर वाढतो. सुगंधी, वाळवी न लागणारं लाकूड, म्हणून तो वर्षानुवर्षं तोडला गेला आणि आता अतिसंकटग्रस्त आहे. पायथ्याच्या गावांतल्या रोपवाटिकांमध्ये लोक त्याची रोपं वाढवून वर नेऊन लावतात. लिखुबुलाच्या रस्त्यावर या लाकडाच्या सुंदर पेट्या विकायला असतात. कोरणाऱ्याचा हात खरोखर फार चांगला असतो आणि त्याचं पोट त्यावर आहे, हे मला कळतं. तरीही मी सीडरची वस्तू घेत नाही. दुसऱ्या लाकडातलं काही आहे का विचारते, बहुतेक वेळा असतं, आणि तिथं घासाघीस न करता पैसे देते.

हट

चांबेची हट लाकडी आहे, पुढे ओसरी, आत चूल. ओसरीवरून चांबे शिखराची आग्नेय भिंत समोर दिसते. त्या शिखराची पश्चिमेची भिंत आफ्रिकेतल्या सर्वांत लांब कातळचढायांपैकी एक आहे, सतराशे मीटरच्या आसपास. ती चढायला आपण आलो नाही. रविवारी सकाळी चांबे शिखरावर 'पटकन जाऊन येऊ' असंही गटात कुणीतरी म्हणतं. २५५६ मीटरच्या त्या शिखरावर जायला उभे कातळ चढावे लागतात आणि सगळी सकाळ जाते. मग उतरण घाईची होते. सकाळी पठारावर ओढ्याच्या कडेनं तास-दीड तास फिरून या, तेवढं भरपूर आहे.

हटवर राखणदार असतो. तो लाकडं आणतो, चूल पेटवतो, अंघोळीला बादलीभर ऊन पाणी देतो. त्याची बक्षिसी वेगळी, आणि निघताना त्याच्याच हातात द्यायची. गाद्या आणि भांडी कपाटात कुलपात असतात, ती माउंटन क्लब ऑफ मलावीच्या सदस्यांसाठी. ब्लांटायरमध्ये सहा महिन्यांहून जास्त राहणार असाल तर सदस्य व्हा. किल्ली मिळते आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे डोंगर माहीत असलेली सोबत मिळते. नाहीतर जमिनीवर झोपायचं, म्हणजे मॅट, बऱ्यापैकी ऊबदार स्लीपिंग बॅग, एक पातेलं, एक ताटली. बाकी कपड्यांत लोकरी टोपी, पायमोजांचे दोन जोड, पाऊस अडवणारं जाकीट आणि रात्रीसाठी कोरडा वेगळा सदरा, जो चालताना अंगात घालायचा नाही. हेडटॉर्च प्रत्येकाचा स्वतंत्र.

जेवणाचा प्रश्न आपल्यासाठी इथं फार सोपा आहे. मलावीत तूर मोठ्या प्रमाणावर पिकते, तिला नांदोलो म्हणतात. भारत मलावीकडून तूर आयात करतो, त्यासाठी २०२१ मध्ये दोन्ही सरकारांत करारही झाला. लिंबेच्या गुजराती दुकानांत तुरीची डाळ, तांदूळ, मोहरी, हिंग, पापड सगळं मिळतं. अख्खी तूर डोंगरावर शिजत बसते, म्हणून डाळच घ्या. घरीच तांदूळ, डाळ, मीठ, हळद, तिखट, थोडा गोडा मसाला एका पिशवीत मिसळून ठेवायचं. वर कांदा-टोमॅटो टाकून पातेल्यात खिचडी. शेंगदाणे इथले उत्तम, दाण्याचा कूट आणि साखरेचे लाडू वाटेत चालताना खायला करून घ्या. निखाऱ्यात रताळी भाजा. सकाळी कोरा चहा आणि चिताकालेत घेतलेल्या मंदासी, म्हणजे पिठाचे तळलेले गोळे, आदल्या दिवशीच्या असल्या तरी तव्यावर गरम करून चांगल्या लागतात.

खिचडी चार मुठी जास्तच टाका. पोर्टर आपली न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड शिजवतात, सोबत वाळवलेले उसिपा मासे किंवा पालेभाजी. त्यांना खिचडी दिली की ते न्सिमा देतात, आणि चुलीभोवती सगळे एकत्र बसतात. मी शाकाहारी आहे हे ऐकून एकदा एका पोर्टरनं भोपळ्याच्या पाल्याची शेंगदाण्याच्या कुटातली भाजी केली होती. कृती सोपी: पाला चिरून थोड्या पाण्यात शिजवायचा, टोमॅटो घालायचा, मग दाण्याचं पीठ आणि मीठ, आणि आळेपर्यंत ढवळायचं. ती आता माझ्या साताऱ्याच्या स्वयंपाकघरातही गेली आहे.

रात्री ओसरीवर थोडा वेळ गोधडी गुंडाळून बसा. ध्रुव इथून दिसत नाही. साताऱ्यात वृश्चिक दक्षिणेकडे अर्ध्या उंचीवर असतो. इथं जुलैत रात्री नऊच्या सुमारास ज्येष्ठा जवळजवळ माथ्यावर असते, अनुराधा आणि मूळ तिच्या आजूबाजूला. ज्यांनी लहानपणी आजोबांकडून नक्षत्रं शिकली असतील त्यांना ही रात्र फार आवडेल.

रविवार

सकाळी सहाला उजाडतं. फेरफटका, नाश्ता, आणि नऊला उतरायला लागायचं. कचरा सगळा खाली, संत्र्याची सालसुद्धा. चूल विझली आहे का ते स्वतः बघा. कोरड्या दिवसांत वाटेत कुणी सिगरेट पेटवत असेल तर त्याला थांबवा.

एक ते दोनच्या दरम्यान लिखुबुला. कार्यालयाच्या वहीत परत आल्याची नोंद करा, नाहीतर तुमच्यासाठी शोधाशोध सुरू होईल. मजुरी चुकती करा, कागदावर दोघांच्या सह्या घ्या. गाईड चांगला वाटला तर त्याचा नंबर लिहून घ्या आणि समन्वयकाला कळवायला विसरू नका. चिताकालेत आता तो अननस घ्या. लिंबेच्या मिनीबस रविवारी कमी असतात आणि भरायला वेळ लावतात. तीनच्या आत नाक्यावर उभं असलेलं बरं. अंधारात या रस्त्यावर प्रवास करू नका. दिवे नसलेल्या सायकली, पायी चालणारी माणसं आणि नादुरुस्त ट्रक असतात. उशीर झालाच तर चिताकालेत रात्र काढा, समन्वयकाला फोन करा आणि सोमवारी पहिल्या बसनं निघा.

आणि सापित्वा

मलावीत १४ मे आणि ६ जुलै या दोन सुट्ट्या कोरड्या महिन्यांत येतात. त्यातली एखादी शुक्रवारी किंवा सोमवारी आली तर तीन दिवस मिळतात, आणि मग सापित्वाचा विचार करता येतो. पहिल्या दिवशी लिखुबुलाहून थेट चिसेपोच्या हटपर्यंत, चांबेवरून जातानाही ती चाल लांब आहे, त्यामुळे सहालाच निघायचं. दुसऱ्या दिवशी पहाटे शिखराकडे. चिसेपोहून वर तीन ते पाच तास, मोठमोठ्या धोंड्यांमधून, कुठे सॅक काढून सरपटत. वाट खडकांवर रंगवलेल्या खुणांनी दाखवलेली आहे. धुक्यात त्या खुणा दिसत नाहीत, आणि या डोंगरावर एकटी गेलेली माणसं न सापडल्याच्या घटना घडलेल्या आहेत. गाईडशिवाय अजिबात नाही.

परतायची वेळ आदल्या रात्रीच सगळ्यांसमोर ठरवा. मी अकरा धरते. अकराला शिखर समोर अर्ध्या तासावर दिसत असलं तरी वळायचं, आणि हा निर्णय गाईडचा, आपला नाही, हे त्यालाही आदल्या रात्रीच सांगून ठेवायचं. नाहीतर पैसे देणाऱ्या पाहुण्याला 'मागे फिरू' म्हणायला तो संकोचतो. तिसऱ्या दिवशी चिसेपोहून चांबेमार्गे खाली. चिपेरोनी मधेच बसला तर हटवरच थांबावं लागेल, म्हणून एका जादा दिवसाचं धान्य न्या, आणि निघण्याआधी रुग्णालयात सांगून ठेवा की मंगळवारी तुमच्या जागी काचा कोण बघणार आहे.